सुगरण आणि स्लाइम मोल्ड: आधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका शाळेत नववीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी सुगरण पक्षी आणि फायसेरम पॉलिसेफॅलम नावाचा पिवळा स्लाइम मोल्ड (ओलाव्यात जाळ्यासारखा पसरणारा एकपेशी जीव) यांची तुलना मांडणार आहेत. गवंडी नाही, नकाशा नाही, तरी दोघंही नेटकं बांधकाम करतात, ही त्यांची कल्पना. पंख आहेत-नाहीत, मेंदू आहे-नाही, अंडी-बीजाणू असा तक्ता तयार आहे. शिक्षकांना तो पोकळ वाटतोय, आणि निरीक्षणं व प्रयोग नेमके कसे करायचे हे त्यांना हवंय.

कल्पना चांगली आहे. तक्ता पोकळ वाटतो तो ‘नाही’च्या रकान्यामुळे. स्लाइम मोल्डला पंख नाहीत, हे दगडालाही लागू पडतं. त्यातून कुणाविषयीच काही कळत नाही. एकच प्रश्न दोघांना विचारता आला आणि दोघांकडूनही उत्तर मिळालं, तरच ती तुलना. आणि सगळ्यात पहिला प्रश्न, जो बहुतेक प्रकल्पांत राहूनच जातो, तो मोजणीचा: यातला ‘एक’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?

सुगरणीचं उत्तर सोपं वाटतं. एक अंडं, एक पिल्लू, एक पक्षी. चिमणीएवढा, साधारण १५ सेंटिमीटर लांब. फायसेरमचं तसं नाही. ताटलीत पसरलेलं पिवळं जाळं, म्हणजे प्लाझ्मोडियम, ही अख्खी एकच पेशी असते. आत केंद्रकं लाखोंनी, मध्ये भिंत एकही नाही, आणि ही सगळी केंद्रकं जवळपास एकाच वेळी विभागतात. ब्लेडने त्याचे दोन तुकडे करा. थोड्याच वेळात दोन वेगळी, धडधाकट प्लाझ्मोडियम फिरताना दिसतील. तेच तुकडे पुन्हा शेजारी आणा, कडा भिडतात, नळ्या जुळतात आणि परत एक होतं.

याचा थेट परिणाम तुमच्या प्रयोगावर होतो. एका प्लाझ्मोडियमचे दहा तुकडे करून दहा ताटल्यांत लावले आणि तक्त्यात ‘नमुने: १०’ लिहिलं, तर ते चूक आहे. तो एकाच जिवाला दहा वेळा विचारलेला एक प्रश्न झाला. ‘एक वाण, १० ताटल्या’ असंच लिहा. निष्कर्षही ‘स्लाइम मोल्ड असं करतात’ असा न काढता ‘या वाणाने १० पैकी इतक्या वेळा असं केलं’ असा मांडा. सुगरणीच्या बाजूलाही हीच चूक होते, फक्त ती दिसत नाही. विहिरीवरच्या बाभळीला २० खोपे लटकलेत म्हणून नर २० नसतात. एक नर एका हंगामात अनेक खोपे विणतो, आणि पायात ओळखीची कडी घातल्याशिवाय कोणता खोपा कोणाचा हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पक्ष्यांच्या बाजूला मोजणीचं एकक ‘झाड’ धरा, फार तर ‘खोपा’. ‘नर’ धरू नका. या एका गोष्टीवर मुलांनी दहा मिनिटं वाद घातला, तर अर्धा प्रकल्प तिथेच झाला समजा.

‘प्रजाती’ या शब्दाचंही तसंच. सुगरणीचं शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस. लिनिअसने १७६६ मध्ये हे नाव दिलं, ठिकाणाच्या चुकीच्या माहितीवरून. हा पक्षी मूळचा फिलिपिन्सचा नाहीच. फायसेरम पॉलिसेफॅलमचं वर्णन श्वायनित्झने १८२२ मध्ये केलं. ‘पॉलिसेफॅलम’ म्हणजे अनेक डोक्यांचा. ती डोकी म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. बारीक देठावर वळ्यावळ्यांचे करडे-पिवळे गोळे असतात, दोनेक मिलिमीटर उंचीचे. स्लाइम मोल्डची प्रजाती या बीजाणूपिशव्यांवरून ठरते, पिवळ्या जाळ्यावरून नाही. पिवळं प्लाझ्मोडियम कितीतरी प्रजातींचं असतं. पावसाळ्यात अंजनेरीच्या वाटेवर कुजक्या ओंडक्यावर पिवळा पंखा दिसला आणि खाली ‘फायसेरम पॉलिसेफॅलम’ अशी चिठ्ठी लावली, तर ती चिठ्ठी अंदाजपंचे आहे. ‘पिवळं प्लाझ्मोडियम, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. सुगरणीतही हीच अडचण हिवाळ्यात येते. जून ते सप्टेंबर नराचा माथा हळदीसारखा पिवळा आणि चेहरा गडद तपकिरी असतो. हंगाम सरला की तो मादीसारखाच मातकट दिसतो, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाणकणसांत रेघांची सुगरण (ही वेगळी प्रजाती) जवळ बसली असेल तर दुर्बिणीतूनही गफलत होते. दोन्हीकडे खात्रीची ओळख पुनरुत्पादनाच्या काळातच पटते. ही खरी समान गोष्ट आहे, तक्त्यात घालण्याजोगी.

आणखी एक दुरुस्ती. तक्त्यात स्लाइम मोल्डला ‘बुरशी’ म्हटलं असेल तर खोडून टाका. मराठीत श्लेष्मकवक असं नाव रूढ झालं ते जुन्या वर्गीकरणावरून. आजच्या वर्गीकरणात तो अमिबांच्या मोठ्या कुळात बसतो. खरी बुरशी आणि प्राणी हे उत्क्रांतीच्या झाडावर एकाच फांदीचे. स्लाइम मोल्ड त्या फांदीच्या बाहेरचा. म्हणजे नात्याने पाहिलं तर भाकरीवरची बुरशी स्लाइम मोल्डपेक्षा सुगरणीला जास्त जवळची. प्रदर्शनात एखाद्या फलकावर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायचं असेल तर हे लिहा.

आता बांधकाम. इथे मुलांची मूळ कल्पना खरोखर जोरकस आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

भाषेत सुगरण बाई आहे, पण खोपा विणतो नर. उसाच्या, भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला तो बुडाशी चोचीने कडेला खाच पाडतो, ती कड धरतो आणि उडतो. पात्याची लांब पट्टी चिरत सुटून येते. अशा पट्ट्या २० ते ६० सेंटिमीटरच्या असतात, आणि एका खोप्यासाठी ५०० पर्यंत फेऱ्या होतात. आधी फांदीला गाठी मारून दोर, मग उभं कडं. त्या कड्यात पाय रोवून, चोच पोहोचेल तिथवर विणत तो एका बाजूने छप्पर काढतो. ही झाली हेल्मेट अवस्था: वरून घुमट, खालून उघडं, मध्ये कड्याचा आडवा पट्टा. इथवर यायला आठेक दिवस लागतात. मग तो काम थांबवतो, त्या पट्ट्याला लटकून पंख फडफडवत कलकलाट करतो, आणि माद्या येऊन आत उतरून पाहतात. मादीने पसंत केलं तर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी होते. एकूण १८ दिवसांच्या आसपास. नाही केलं तर ते हेल्मेट तसंच लटकत राहतं आणि नर दुसरं सुरू करतो. एकीचं घर बसलं की तो पुढच्या मादीसाठी नवा खोपा घेतो. हा क्रम सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला पाहून नोंदवला. त्याआधी नर-मादी जोडीने घर बांधतात असाच समज होता.

हेल्मेटच्या आतल्या बाजूला चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात. त्यात काजवे खोचून रात्री उजेड करतात ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती तक्त्यात नको. वाऱ्यात अर्धवट खोपा भिरभिरू नये म्हणून वजन, असं काही अभ्यासक मानतात.

फायसेरमचं बांधकाम म्हणजे त्याचं शरीरच. पुढे पंख्यासारखी कड सरकते, मागे नळ्यांचं जाळं उरतं. भिंगाखाली एका नळीकडे दोन मिनिटं नजर लावून बसा. आतला पिवळा रस कणांसकट वेगाने एका दिशेला वाहतो, मंदावतो, क्षणभर थांबतो, आणि उलट फिरतो. एक-दीड मिनिटाने पुन्हा तसंच. वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्या घरात जातो. पेशीच्या आत एवढा वेगवान प्रवाह फार थोड्या ठिकाणी दिसतो. साध्या दहापट भिंगाने आणि खालून आलेल्या मंद उजेडात हे दिसतं, मुलांना ते दाखवाच. ज्या नळीतून जास्त रस वाहतो ती जाड होते, कमी वाहतो ती बारीक होत विरते. सगळं ‘बांधकाम’ या एका नियमावर उभं आहे. २००० मध्ये नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी चक्रव्यूहाच्या दोन टोकांना ओट्स ठेवून दाखवलं की प्लाझ्मोडियम काही तासांत बंद गल्ल्या सोडतं आणि जवळच्या वाटेवर एक जाड नळी राखतं. २०१० मध्ये जपानी-ब्रिटिश गटाने टोकियो परिसरातल्या ३६ ठिकाणांच्या जागी ओट्स ठेवले, तेव्हा तयार झालेलं जाळं खर्च, कार्यक्षमता आणि एखादा दुवा तुटला तरी टिकून राहणं या तिन्ही बाबतींत तिथल्या रेल्वेच्या तोडीचं निघालं.

मग दोघांना विचारायचा समान प्रश्न असा: अर्धवट काम पसंतीला उतरलं नाही, तर घातलेल्या मालाचं काय होतं? फायसेरम नको असलेल्या नळीतला रस परत ओढून घेतो आणि दुसरीकडे वापरतो. सुगरण नराचं हेल्मेट म्हणजे आठ दिवस खर्ची पडलेले. ते परत मिळत नाहीत. म्हणून फायसेरमला आधी सगळीकडे पसरून मग आवरतं घेणं परवडतं, आणि नराला आठ दिवसांनी थांबून मादीचा होकार घेणं भाग पडतं. शेजारचा नर उरलेल्या पट्ट्या चोरून नेतो, जुन्या खोप्यात पुढे मुनिया राहायला येतात. माल वाया जात नाही, पण मूळ मालकाला त्याचा उपयोग नाही.

दुसरा समान प्रश्न आठवणीचा. मेंदू असलेल्या पक्ष्याची आठवण डोक्यात, हे सगळ्यांना माहीत. आफ्रिकेतल्या एका सुगरण प्रजातीवर कोलियास दांपत्याने दाखवलं की ज्या कोवळ्या नरांना पाती मिळालीच नाहीत, ते पुढे विणायला कच्चे राहतात. म्हणजे उपजत ओढ असली तरी हात बसवावा लागतो. फायसेरमची आठवण निदान तीन ठिकाणी सापडते. पहिली जमिनीवर: तो जिथून गेला तिथे पारदर्शक चिकटा राहतो, आणि पुन्हा तिथे जायचं तो टाळतो. २०१२ मध्ये हा प्रयोग यू आकाराच्या सापळ्यात झाला. चिकट्याने आधीच माखलेल्या अगारवर (ताटलीत जेलीसारखं थिजवलेलं माध्यम) सुटका करून घेणारे खूप कमी निघाले. दुसरी नळ्यांच्या जाडीत: खाणं कुठे मिळालं होतं याची खूण जाड नळीच्या रूपाने उरते. तिसरी सवयीत: अन्नाच्या वाटेवर क्विनिन किंवा कॅफिन असा कडू पदार्थ लावलेला पूल ठेवला, तर पहिल्या दिवशी तो बिचकतो, पाच-सहा दिवसांत बिनधास्त ओलांडतो, आणि दोन दिवस कडू न मिळाल्यावर पुन्हा बिचकतो. हे २०१६ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं. मात्र यावरून ‘स्लाइम मोल्ड विचार करतो’ असं लिहू नका. आठवण ठेवायला मेंदू लागतोच असं नाही, एवढंच यातून सिद्ध होतं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

लिंगभेदाचा रकाना छोटा ठेवा. सुगरणीत नर-मादी. फायसेरममध्ये उपाशी प्लाझ्मोडियमला उजेड मिळाला की बीजाणू धरतात. बीजाणूंतून सुटे अमिबा निघतात, आणि जोडी जमायची की नाही हे काही जनुकांच्या अनेक पर्यायी रूपांवरून ठरतं. नर-मादी अशी दोन खाती तिथे नाहीतच. ‘७२० लिंगं’ असा आकडा फिरतो, तो टाळा. लिंग या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

आता हातचं काम. सुगरणीसाठी हंगाम पावसावर. मृग बरसून गवत-ऊस उंच झाल्यावर खोपे सुरू होतात आणि सप्टेंबरपर्यंत चालतात. निफाडच्या बागायतीत विहिरीवर झुकलेली बाभूळ, बोर, शिंदी बघा. एका वसाहतीत साधारण २० ते ३० खोपे असतात. शेतकऱ्याला विचारून तीन झाडं निवडा, एकमेकांपासून अर्धा-एक किलोमीटर लांब. प्रत्येक झाडाचा एका ठरावीक जागेवरून फोटो काढा, छापून घ्या आणि त्यावरच खोप्यांना नंबर द्या. दर तिसऱ्या दिवशी सकाळी ७ ते ९ मध्ये, १५-२० मीटरवरून, अवस्था लिहा: गाठ, कडं, हेल्मेट, नळी. आठ आठवडे हे नेटाने केलं की किती हेल्मेटं पुढे गेली आणि किती सोडली गेली याचा खरा आकडा हाती येतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत तेही लिहा. नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून ते बरेचदा पूर्वेकडे असतात. फांदीची जाडी आणि जमिनीपासूनची उंचीही अंदाजाने नोंदवा, कारण भारतातल्या अभ्यासांत माद्या विणकामापेक्षा जागा बघून खोपा निवडताना दिसल्या आहेत. एखाद्या खोप्यावर अर्धा तास बसून पट्टी घेऊन आलेल्या फेऱ्या मोजा. खोपा ओढून बघणं, फांदी वाकवणं, आत बोट घालणं अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना-घरट्याला धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. आणि नववीच्या मुलांना उघड्या विहिरीच्या काठावर उभं करू नका. कठड्यापासून लांबची जागाच निवडा.

फायसेरमसाठी दोन रस्ते आहेत, आणि त्यांत गल्लत होते. स्थानिक स्लाइम मोल्ड बघायचे असतील तर ओलसर कक्षाची पद्धत वापरा, ती १९३३ पासून चालत आली आहे. जिवंत झाडाच्या, आंबा किंवा बाभूळ चालेल, सुट्या झालेल्या सालीचे तुकडे कागदी पाकिटात आणा. ताटलीत टिपकागद, त्यावर चार-पाच तुकडे, बुडतील एवढं शुद्ध पाणी. २४ तासांनी पाणी ओतून द्या. मग खोलीत मंद उजेडात ठेवून ३, ७, १४ दिवसांनी आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत भिंगाने तपासा. टाचणीच्या डोक्याहून लहान, देखणे बीजाणूघोस दिसतात. पण यातल्या बहुतेक प्रजाती ओट्सवर वाढत नाहीत, तेव्हा चक्रव्यूहाचे प्रयोग त्यांच्यावर होणार नाहीत. त्यासाठी फायसेरम पॉलिसेफॅलमच हवा. तो वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाकडे विचारा, किंवा शैक्षणिक नमुने पुरवणाऱ्यांकडून घ्या. तो सहसा टिपकागदावर वाळलेल्या अवस्थेत, स्क्लेरोशियम म्हणून मिळतो.

माध्यमासाठी साधं अगार पुरतं: १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम. किराणा दुकानातली चायना ग्रासची पट्टी चालते. साखर आणि स्वाद घातलेली पाकिटातली पूड चालत नाही, तिच्यावर दोन दिवसांत बुरशी चढते. पट्टी अर्धा तास भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, ९ सेंटिमीटरच्या ताटलीत २० मिलिलिटर ओता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून उकळून गार केलेलं पाणी घ्या. ओट्स साधेच, मसाला ओट्स नकोत. मिठाला फायसेरम पाठ दाखवतो. स्क्लेरोशियमचा नखाएवढा तुकडा ठेवून दोन थेंब पाणी, शेजारी एक ओट. एका दिवसात पिवळी कड बाहेर पडते. ताटली झाकून अंधारात, २२ ते २६ अंशांत. जून ते ऑक्टोबर नाशिकमध्ये घरातली खोली पुरते. एप्रिल-मेमध्ये ३० च्या वर तो मलूल पडतो, आणि डिसेंबरच्या थंडीत इतका मंदावतो की मुलं मेला समजून टाकून देतात.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. ओट्स जास्त टाकल्याने हिरवी-काळी बुरशी येते; एका ताटलीत एक-दोन दाणे पुरे, आणि दर दोन-तीन दिवसांनी पुढच्या सरकत्या कडेचा सेंटिमीटरभर तुकडा अगारसकट कापून नव्या ताटलीत न्यायचा. मागचा भाग नेऊ नका, बुरशी तिथेच असते. दुसरं, मुंग्या: ताटल्यांचा ट्रे परातीतल्या पाण्यात उपड्या वाट्यांवर ठेवा, घरात गुळाचा डबा ठेवतात तसा. तिसरं, उजेड: दर तासाला झाकण उघडून टॉर्च मारला तर तो पळ काढतो किंवा बीजाणू धरतो. फोटो दहा मिनिटांनी एक, क्षणभराच्या फ्लॅशने.

आठवणीचा प्रयोग शाळेत असा करा. प्लाझ्मोडियम फिरून गेलेल्या, ओलसर चकचकीत अगारची २ × ४ सेंटिमीटर पट्टी कापा. तेवढीच पट्टी कोऱ्या अगारची घ्या. पण ती त्याच दिवशी ओतलेली आणि त्याच डब्यात ठेवलेली हवी. नाहीतर फरक चिकट्याचा नसून ओलाव्याचा निघेल, आणि प्रयोग फसण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. दोन्ही पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवा, सांध्यावर प्लाझ्मोडियमचा तुकडा, दोन्ही टोकांना एकेक ओट. कोणत्या बाजूला ती कड आधी २ सेंटिमीटर गेली ते नोंदवा. बारा ताटल्या, सहांत कोरी पट्टी डावीकडे, सहांत उजवीकडे.

चक्रव्यूहापेक्षा नाशिक जिल्ह्याचा नकाशा घ्या, लोक जास्त थांबतील. १५ तालुक्यांच्या ठिकाणी ओटचे तुकडे, नाशिकच्या जागी प्लाझ्मोडियम, मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये अगार. जिल्ह्याच्या सीमेबाहेर ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट कापून ठेवा. कोरड्या प्लास्टिकवर तो जायला नाखूश असतो. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर, पेठ-सुरगाण्याकडे, मंद उजेडाची पट्टी पाडली तर डोंगराचा अडथळा उभा करता येतो. टोकियोच्या प्रयोगातही डोंगर-दऱ्यांसाठी उजेडच वापरला होता. मग शेजारी खरे रस्ते ठेवा: इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव हा महामार्ग, आणि इगतपुरी, नाशिकरोड, निफाड, मनमाड, नांदगाव ही रेल्वे. निदान आठ-दहा वेळा करून किती वेळा कोणता दुवा आला ते मोजा. एक सुंदर फोटो म्हणजे निष्कर्ष नव्हे, तो योगायोगही असू शकतो.

जाता जाता एक, कारण पालक शेतकरी हा प्रश्न हमखास विचारतील: पाचटावर, भुशावर किंवा द्राक्षाच्या खरड छाटणीच्या काडीच्या ढिगावर पावसात पिवळा-पांढुरका, वांतीसारखा गोळा उमटतो तो बहुधा फ्युलिगो सेप्टिका, दुसरा स्लाइम मोल्ड. तो कुजक्या पदार्थातले जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू खातो, वेलीला लागत नाही. बुरशीनाशक फवारून पैसे घालवू नका. फार खटकलं तर फावड्याने बाजूला करा.

प्रदर्शन दिवाळीनंतर असेल तर फायसेरम आधीच वाळवून ठेवा. भरपूर पसरलेलं प्लाझ्मोडियम ओल्या टिपकागदावर चढू द्या, ओट्स काढा, आणि झाकण किंचित उघडं ठेवून अंधारात दोन-तीन दिवस सावकाश सुकू द्या. झटकन सुकवलं तर मरतं. नारिंगी, ठिसूळ पापुद्रा झाला की स्क्लेरोशियम तयार. कागदी पाकिटात कोरडा ठेवला तर पुढच्या जूनमध्ये दोन थेंब पाण्याने उठेल. त्याच सुमारास रिकामे खोपे वाऱ्याने गळून पडतात. नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, पण शेतातल्या विहिरीखाली पडलेला खोपा मालकाला विचारून आणता येतो. तो पाण्यात भिजवा, एकेक पट्टी सोडवून सरळ करा, मोजा, लांबी लिहा, आणि झाडाचा नंबर व तारीख घातलेल्या पाकिटात स्क्लेरोशियमशेजारीच ठेवा.